मुरूम, मेडिकल आणि एक तळटीप

मराठीत 'मुरूम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, डांबर टाकायच्या आधी रस्त्यावर पसरतात तो तांबूस, खडबडीत थर. दुसरा, पंधरा-सोळाव्या वर्षी तोंडावर पसरतो तो. आमच्या जालन्यात दोन्हींचा तुटवडा कधीच नव्हता :) त्यामुळे "काय भाऊ, मुरूम तर टाकून झाला, डांबरीकरण कधी?" हा विनोद कॉलेजात प्रत्येकाने प्रत्येकाला किमान एकदा ऐकवलेला असायचा. ज्याला ऐकवला तोही हसायचा. हसण्याशिवाय दुसरं करणार काय?

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. मुरमांना कसला आलाय इतिहास? पण आहे, आणि चांगला दीड-दोन हजार वर्षांचा आहे. गेले काही शनिवार-रविवार मी तो वाचत होतो. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. मुरूम जीव घेत नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी फारसं गांभीर्याने घेतलं नाही. आणि ज्या दुखण्याला मोठी माणसं दुखणं म्हणायलाच तयार नसतात, ते दुखणं आपोआप दुकानदाराच्या ताब्यात जातं. जालन्यात तसंच झालं, आणि देशभरही तसंच झालं. ते कसं, तेच आज सांगायचंय.

सुरुवात सुश्रुतापासून. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'क्षुद्ररोग' असा एक अध्याय आहे. क्षुद्र म्हणजे इथे किरकोळ. त्या यादीत 'मुखदूषिका' येते, म्हणजे तोंड बिघडवणारी. वर्णन असं की तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या येतात. ज्याने काटेसावरीचं खोड जवळून पाहिलंय त्याला ही उपमा लगेच पटेल. खाली रुंद, वर टोकदार, आणि सगळीकडे विखुरलेल्या. लिहिणाऱ्याने पेशंट नीट बघितला होता यात शंका नाही.

दोन बारकावे मला विशेष आवडले. पहिला म्हणजे वय. हे तरुणांनाच होतं हे त्याने नोंदवून ठेवलंय. दुसरा म्हणजे कारण. आपल्याकडे मुरूम आले की घरातलं कुणीही सांगतं, "उष्णता झालीय अंगात." उष्णता म्हणजे आयुर्वेदाच्या हिशोबाने पित्त. पण सुश्रुताने कारणं दिलीत ती कफ, वात आणि रक्त. पित्ताचं नाव तिथे नाही! म्हणजे ज्या 'उष्णते'च्या नावाखाली आपल्या पिढ्यान् पिढ्यांचे आंबे, शेंगदाणे आणि गूळ बंद झाले, ती या ठिकाणी मूळ ग्रंथात सापडत नाही.

उपाय मात्र ओळखीचे वाटतात. वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप. किंवा धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ यांचा. शिवाय वमन, म्हणजे ओकारी काढणे. सुदैवाने हा शेवटचा उपाय घरोघरी उतरला नाही, पण लेप उतरला. आपल्या आज्यांनी सहाणेवर जायफळ उगाळलं, चंदन उगाळलं, कडुनिंबाचा पाला वाटला, साय आणि डाळीचं पीठ कालवलं. सामान बदललं, पण तोंडाला काहीतरी फासून वाळेपर्यंत गप्प बसायचं, ही पद्धत तीच राहिली.

गंमत म्हणजे पश्चिमेकडेही हा रोग वयाच्याच नावाने ओळखला गेला. ॲक्ने हा शब्द ग्रीक 'अक्मे'वरून आला असं बहुतेक शब्दकोश सांगतात. अक्मे म्हणजे टोक, बहर, भरात असण्याचा काळ. सहाव्या शतकातल्या एटियस नावाच्या वैद्याच्या ग्रंथाची नक्कल करताना कुणीतरी एक अक्षर चुकवलं, 'म'चा 'न' झाला, आणि तोच शब्द पुढे रूढ झाला. थोडक्यात, साऱ्या जगाच्या डॉक्टरांनी वापरलेला हा शब्द म्हणजे एक टायपो आहे, आणि तो आजपर्यंत कुणी फिक्स केलेला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल. आपला 'तारुण्यपीटिका' हा शब्दही तेच सांगतो. तारुण्य आलं, पुटकुळी आली.

पण वयाशी संबंध आहे एवढं कळलं की माणसं लगेच पुढचा प्रश्न विचारतात. वयात आल्यावर हा मुलगा नेमकं काय करतोय? इथून सगळी भानगड सुरू होते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले चांगले शिकलेले डॉक्टरसुद्धा मुरमांचा संबंध हस्तमैथुनाशी जोडत होते आणि उपाय म्हणून लग्न सुचवत होते. आपल्याकडे हे पुस्तकातून वाचायची गरज पडली नाही. "लग्न झालं की जातील" हे वाक्य आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी कितीतरी पोरांना सुनावलेलं मी ऐकलंय. मित्रांची आवृत्ती जरा रंगेल होती: पिंपल आला म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय. दोन्हींचा अर्थ एकच. तुझ्या मनात जे चाललंय ते तुझ्या तोंडावर लिहिलंय, आणि आम्हा सगळ्यांना ते वाचता येतं. सोळा वर्षांच्या पोराला किंवा पोरीला यापेक्षा वाईट काय ऐकवणार?

बरं, लग्नानंतर मुरूम जायचे हे खरं होतं. पण ते पंचविशी गाठल्यावर बहुतेकांचे आपोआपही जायचे. श्रेय मात्र अक्षतांना मिळायचं.

खरं कारण १९४१ मध्ये बरंचसं स्पष्ट झालं. जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना मुरूम येत नाहीत, आणि त्यांना पुरुषी हार्मोन दिलं की येतात. म्हणजे ही सगळी कथा हार्मोनची आहे. ते मुलींच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतंच. वयात येताना त्वचेतल्या तेलग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडतात. रोमरंध्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साठतं, तिथे नेहमीच राहणारे जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी भांडायला उठतं, आणि पुटकुळी लाल होते. यात मनातल्या विचारांचा काहीच भाग नाही.

स्वच्छतेचा भागही फार थोडा आहे. ब्लॅकहेडचा काळा ठिपका मळाचा वाटतो, पण तो काळेपणा मुख्यतः त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्यामुळे असतो. हे कळलं तेव्हा मला जालन्यातले सल्ले आठवले. "दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धू." ज्या गावात नळाला पाणी कधी येईल यावर लोकांच्या सुट्ट्या ठरायच्या, तिथे हे सांगायचे! २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालन्याचं नाव देशभरच्या बातम्यांत होतं. पाच वेळा साबण लावून त्वचा फक्त कोरडी पडते आणि चिडते. बूच जिथे बसलंय ते आत, साबणाच्या आवाक्याबाहेर.

आहाराबद्दल मात्र घरच्यांना पूर्ण चूक म्हणता येत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेट खायला घालून एक प्रयोग झाला आणि निष्कर्ष निघाला की चॉकलेटचा मुरमांशी संबंध नाही. हा निष्कर्ष पुढे कित्येक वर्षं डॉक्टर सांगत राहिले. पण तुलनेसाठी दिलेल्या 'बिनचॉकलेटच्या' वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती! पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ कमी केलेल्या गटात मुरूम जास्त कमी झाले. म्हणजे आई गूळ-साखरेला ओरडायची त्यात थोडं तथ्य होतं. शेंगदाणे उगाच बदनाम झाले असावेत.

आता दुकानाकडे येऊ.

मुरमांवर काही विकत घ्यायचं ही कल्पना मध्यमवर्गीय मराठी घरात बरीच उशिरा आली. आली तेव्हा ती हळदीच्या वासाने आली. केशव विष्णु पेंढारकर हे नागपुरात किराणा दुकान चालवणारे गृहस्थ मुंबईला आले आणि १९५२ मध्ये परळला त्यांनी विको सुरू केली. पुढे हळद आणि चंदनाच्या तेलाचं त्यांचं क्रीम घराघरात गेलं. या क्रीमवरून एक्साइज खात्याशी कंपनीचा मोठा वाद झाला. खात्याचं म्हणणं, हे सौंदर्यप्रसाधन आहे, जास्त कर भरा. कंपनीचं म्हणणं, हे आयुर्वेदिक औषध आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कंपनी जिंकली. मला या खटल्यात कराच्या पलीकडचं काहीतरी दिसतं. क्रीम औषध की प्रसाधन, हा प्रश्न कोर्टात वर्षानुवर्षं चालला. मुरूम आजार की दिसण्याची हौस, हा तोच प्रश्न घराघरात चालू होता. पण तिथे निकाल आधीच लागलेला असायचा. "आधी अभ्यासाकडे लक्ष दे, आरशात काय बघतोस सारखा."

दुसरीकडे १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली. २००५ मध्ये मुलांसाठी वेगळं फेअरनेस क्रीम आलं. २०२० मध्ये पहिल्याच्या नावातून 'फेअर' गेलं, पण मधल्या पंचेचाळीस वर्षांत दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं झालं होतं: चांगली त्वचा म्हणजे गोरी त्वचा. पुढच्या गोष्टीत हे समीकरण महत्त्वाचं आहे.

नव्वदच्या दशकात जालन्यात मुरूम आलेल्या पोरापुढे तीन रस्ते होते. पहिला सहाणेचा. दुसरा डॉक्टरांचा. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे साठेक किलोमीटरवरची घाटी, तेव्हाच्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची. आमच्या जिल्ह्याचा जन्मच १ मे १९८१ चा, आणि जिल्ह्याला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळायला २०२४ साल उजाडलं. मुरमांसाठी एसटीने घाटीला जाणारं कुणी मी तरी पाहिलं नाही. खाजगी त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल, तर त्यांच्या पाट्या आठवून बघा. 'त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ.' यामागे वैद्यकशास्त्राचा इतिहास आहे. सिफिलिसची लक्षणं त्वचेवर दिसतात, म्हणून त्वचा आणि गुप्तरोग ही दोन शास्त्रं एकाच डॉक्टरकडे आली. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नावातही आजपर्यंत तिन्ही विषय आहेत. शास्त्र म्हणून बरोबरच आहे हो. पण भर बाजारात त्या पाटीखालचा जिना चढताना अकरावीतल्या मुलाला ओळखीच्या कुणी पाहिलं तर? मुलीला पाहिलं तर? जिना तसाच राहायचा.

उरला तिसरा रस्ता, मेडिकल. मराठवाड्यात औषधाच्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात. तिथे अपॉइंटमेंट लागत नाही, फी लागत नाही, नाव विचारत नाहीत. संवाद साधारण असा:

"काही चांगलं क्रीम आहे का?"

"कशासाठी?"

"असंच.. तोंडाला."

"हे घे. रात्री झोपताना लाव. एका आठवड्यात फरक."

आणि खरंच एका आठवड्यात फरक पडायचा. हीच खरी अडचण होती.

ट्यूबमध्ये काय असायचं? बऱ्याचदा स्टेरॉइड. त्याचीही एक कुंडली आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी दाखवलं की हायड्रोकॉर्टिसोन नुसतं त्वचेवर लावलं तरी इसबासारख्या आजारात गुण येतो. त्वचारोगांच्या दुनियेत ही क्रांती होती, आणि हे औषध आजही, योग्य जागी, फार मोलाचं आहे. साठच्या दशकात त्याहून कितीतरी जोरकस रेणू आले. कुठलं स्टेरॉइड किती जोरकस हे ठरवायचं कसं? १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी एक सोपी चाचणी काढली. औषध त्वचेवर लावायचं आणि त्वचा किती पांढरी पडते ते बघायचं. स्टेरॉइडमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, त्वचा फिकी दिसते. जितकी पांढरी, तितकं औषध जोरकस.

हे वाचून मी क्षणभर थांबलो. प्रयोगशाळेत जी औषधाच्या ताकदीची मोजपट्टी होती, तीच आपल्या गावात गिऱ्हाईकाला विक्रीचं कारण वाटली. मुरमांची लाली उतरली, चेहरा उजळला. गोरेपणा हवा होता, तोही मिळाला. दुकानदाराला वाईट म्हणून उपयोग नाही. त्यालाही समोर फरक दिसत होता, पोरगं खुश होऊन परत येत होतं आणि पाच मित्रांना सांगत होतं.

पुढचं मात्र आठवड्याभरात दिसत नाही. स्टेरॉइड जळजळ दाबतं, पण बूच काढत नाही. महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, ऊन सहन होत नाही. आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे स्टेरॉइडनेच नवे मुरूम येतात. थांबवायला जावं तर दोन-चार दिवसांत चेहरा पेटतो, लालबुंद होतो, आधीपेक्षा वाईट. साहजिकच माणूस पुन्हा ट्यूब उचलतो आणि लावल्याबरोबर बरं वाटतं. १९६९ मध्ये इंग्लंडच्या इयन स्नेडन यांनी चेहऱ्यावरच्या स्टेरॉइडच्या दुष्परिणामांबद्दल लिहिलं होतं. १९७९ मध्ये क्लिगमन आणि फ्रॉश यांनी तर सरळ 'स्टेरॉइडचं व्यसन' असा शब्द वापरला. म्हणजे आम्ही शाळेतही गेलो नव्हतो तेव्हा हे छापून आलं होतं. फक्त ते जालन्याच्या मेडिकलपर्यंत पोचलं नव्हतं.

माझा एक वर्गमित्र होता. नाव लिहीत नाही. अकरावीच्या दिवाळीत त्याने ट्यूब सुरू केली आणि संक्रांतीपर्यंत तो वर्गातला सगळ्यात 'क्लीन' पोरगा झाला. आम्ही सगळे त्याच्यावर जळत होतो. बारावीच्या उन्हाळ्यापर्यंत तो दुपारी घराबाहेर पडेनासा झाला. मे महिन्यातलं जालन्याचं ऊन सगळ्यांनाच नको असतं, पण याच्या गालांची उन्हात अक्षरशः आग व्हायची. तोंडाला रुमाल बांधून फिरायचा. मुली स्कार्फ बांधतात, पोराने बांधला की लोक बघतात. निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोत तो नाही. विचारलं तर म्हणाला, "पोट दुखत होतं." तोंडाचं नाव घेतलं नाही. आम्हीही घेतलं नाही. आम्हाला वाटलं, काय तो मुरमांचा एवढा बाऊ!

म्हणून म्हणतो, किरकोळ या शब्दाची किंमत कुणीतरी मोजत असतं.

आता प्रश्न असा की इतकं जोरकस औषध चिठ्ठीशिवाय विकलं कसं जात होतं? मला आधी वाटायचं, कायदा आहे पण कुणी पाळत नाही, नेहमीचंच. थोडं खोदल्यावर कळलं की प्रकरण त्याहून मजेशीर आहे. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्यात 'शेड्यूल एच' नावाची यादी आहे. या यादीतलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. स्टेरॉइडं यादीत होती. पण यादीच्या शेवटी एक टीप होती. तिचा अर्थ असा, की या पदार्थांपासून बनवलेली औषधंही या शेड्यूलमध्ये येतील, बाहेरून लावायची सोडून.

संपलं! गोळी घ्यायची तर चिठ्ठी हवी, तेच मलम म्हणून घ्यायचं तर नको. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर खरचटल्यावर लावायचं साधंसुधं मलम असेल. त्वचेवर लावलेलं काय एवढं आत जाणार, हा विचार त्यामागे असावा. आपण रोज कोडमध्ये हेच बघतो. मुख्य नियम शंभर डोळ्यांखालून जातो, आणि शेवटचा अपवाद, तो एक 'एक्सेप्ट', कुणी परत उघडून बघत नाही. बग नेमका तिथे बसलेला असतो. इथे फरक इतकाच की क्रॅश सर्व्हरवर न होता लोकांच्या गालांवर होत होता.

भरीला आणखी एक गोष्ट. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी वांगासारख्या काळ्या डागांसाठी तीन औषधांचं एक मिश्रण सुचवलं. रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, रेटिनॉइड आणि स्टेरॉइड. डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक काळापुरतं वापरायचं. आपल्याकडे त्याच धर्तीच्या ट्यूब गोरेपणाच्या आणि मुरमांच्या नावाने सर्रास विकल्या गेल्या. मोजका काळ वगैरे भाग काउंटरवर गळून पडला.

हे सगळं आकड्यांत पकडलं गेलं २०११ मध्ये. देशातल्या १२ केंद्रांवरच्या डॉक्टरांनी त्वचेच्या ओपीडीत आलेल्या २,९२६ रुग्णांना विचारलं. त्यातले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. २९ टक्क्यांनी ते फेअरनेस क्रीम, आफ्टरशेव्ह किंवा रोजचं क्रीम म्हणून लावलं होतं, २४ टक्क्यांनी मुरमांसाठी. सुमारे ५९ टक्क्यांना ते डॉक्टरने दिलेलंच नव्हतं. दुकानदार, मित्र, नातेवाईक, ब्यूटीशियन, कुणीही. ४३३ पैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना दुष्परिणाम झाले होते, आणि त्यांत सगळ्यात जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम!

याच काळात कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि इतरांनी अशा चेहऱ्यांना एक वेगळं नाव दिलं, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. नाव देणं ही साधी गोष्ट वाटते, पण नाव मिळाल्याशिवाय फाइल उघडत नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरकारकडे पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये नियम बदलला. १४ स्टेरॉइडांची लावायची औषधं अपवादातून बाहेर काढून चिठ्ठीच्या कक्षेत आणली गेली. स्नेडन यांच्या लेखापासून मोजलं तर ४९ वर्षं लागली. आमच्या वर्गाच्या निरोप समारंभानंतर वीसेक.

बग फिक्स झाला, तर मग आता सगळं ठीक? नाही. कागदावरचा नियम आणि काउंटरवरचा व्यवहार यांत किती अंतर असतं ते वेगळं सांगायला नको. आणि आता मेडिकलच्या जोडीला मोबाईल आलाय. आज जालन्यातल्या, भोकरदनच्या, अंबडच्या पोरीला सीरम आणि टोनरची नावं तोंडपाठ असतात. सल्ला देणारं माणूस बदललं, "एका आठवड्यात फरक" हे वाक्य तेच राहिलं.

या इतिहासातली दुर्दैवाची गोष्ट म्हणजे चांगली औषधं या काळात होतीच. बूच सोडवणारं ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ मध्ये मंजूर झालं. बेन्झॉइल पेरॉक्साइड तर त्याहून जुनं. १९७९ मध्ये गॅरी पेक यांनी अतिशय वाईट, गाठी आलेल्या १४ रुग्णांना आयसोट्रेटिनॉइन दिलं आणि त्यातल्या १३ जणांचे चेहरे पूर्ण साफ झाले. १९८२ मध्ये तेही मंजूर झालं. गर्भावर त्याचे भयंकर परिणाम होतात, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही आणि गरोदरपणात अजिबात नाही. पण खड्डे पडायच्या आधी ते मिळालं तर माणसाचा चेहरा वाचतो. या सगळ्या औषधांत एक साम्य आहे. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला काहींचे मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. म्हणजे खरं औषध आधी निराश करतं आणि खोटं औषध आधी खुश करतं. सोळाव्या वर्षी, परवा कॉलेजचं गॅदरिंग असताना, पोर कशावर विश्वास ठेवेल? म्हणून त्याच्या शेजारी कुणीतरी मोठं माणूस हवं, जे म्हणेल, थांब, बारा आठवडे बघू.

तुमच्यापैकी अनेकजण माझ्यासारखेच पुण्या-मुंबईत किंवा बंगलोरला असाल, आणि गावाकडे पुतणी, भाचा, मामेबहीण असेल. दिवाळीत घरी गेलात की त्यांचे चेहरे दिसतील. तेव्हा डांबरीकरणाचा विनोद करू नका. त्या पोराला स्वतःचा चेहरा माहीत आहे, तुमच्या आधी त्याने आरशात पाहिलाय. बाजूला घ्या आणि काय लावतोस ते विचारा. ट्यूब मागून घ्या, मागचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं, तर लगेच फेकायला सांगू नका, एकदम थांबवलं की चेहरा पेटू शकतो. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्या आणि पाटीवर काहीही लिहिलेलं असो, त्याच्यासोबत जिना चढा. बारा-पंधरा पायऱ्या असतात, जास्त नाही.